तिसऱ्या पानाची गोधडी

२७ एप्रिल, रविवार

इंदूरहून परत आलो. ह्यांच्या ऑपरेशनला ५ तारीख मिळाली. सोमवार, सकाळचा पहिला नंबर. डॉ. म्हणाले, बायपास आता रोजची गोष्ट झालीय, घाबरण्यासारखं काही नाही. ज्याची स्वतःची छाती उघडायची नसते त्याला सगळं रोजचंच वाटतं.

घाटात चहाला थांबलो तर हे मला विचारतात, "साखर चालेल ना गं?" जणू अडचण साखरेचीच होती.

घरी आले, नळाला पाणी आलंय का बघितलं, दूध तापवलं, ह्यांच्या गोळ्या मांडून ठेवल्या. मग न्हाणीत जाऊन रडले. बादलीत नळ सोडून, म्हणजे आवाज नको.

पुण्याहून निखिलचा फोन. "आई, मैं डायरेक्ट इंदूर पहुँचता हूँ. तू टेन्शन नको घेऊ यार." यार म्हणे. आईला.

२८ एप्रिल, सोमवार

बहादरपूरहून काकू आल्या, ह्यांच्या सख्ख्या काकू. बरोबर केळीच्या पानांचा भारा आणि दोन खरबुजं. परवा आखाजी, पितरांना जेवू घालायची अक्षय्य तृतीया. मी म्हटलं, यंदा साधंच करू या काकू, ऑपरेशन तोंडावर आहे. तर म्हणतात, "साधं कसं वो सूनबाई? पितरं काय साधे जेवतीन? अन् यंदा तर त्यांची जास्त गरज हाय आपल्याले."

गरज.

हे सकाळीच दुकानात जाऊन बसले. शनवारा भागातलं वह्या-पेनांचं दुकान, सुट्टीच्या दिवसांत गिऱ्हाईक औषधालाही नसतं. आराम करायचा ना? "बसलोच तर आहे तिथं." मग घरी बसा. "घरी तू बघत राहतेस." बघतेच. झोपलेले असले की पोट वरखाली होतंय का ते बघते, पंखा बंद करून ऐकतेसुद्धा. गरमीनं जागे होतात आणि चिडतात.

दुपारी डबा द्यायला गेले तेव्हा पायरी रिकामी. मुरलीभाऊ गेल्यापासून तिथं कोणी बसत नाही. चांदनी स्टेशनावर नोकरी केली, रिटायर झाले तरी दर रविवारी गाडीनं यायचे, ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला. लग्न नाही, मूल नाही. गेल्या दिवाळीत भुसावळला पुतण्याकडे काविळीनं गेले. हे मातीला जाऊन आले तेव्हापासून पट काढलेलाच नाही. फडताळात धूळ खातोय.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.

बराच उशीर झालाय. तरी लिहिते. लिहिलं नाही तर कोणाशी बोलू?

सकाळी सगळं नीट झालं. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, गोवरीच्या विस्तवावर तूप आणि पोळीचा घास टाकला. पुरणाचा स्वयंपाक काकूंनी हाती घेतलेला, त्यामुळे पोळ्यांचा डोंगर. आमच्याकडे घागर एक, पानं गेलेल्या माणसागणिक. प्रत्येक पानावर त्या माणसाच्या नावानं कोणीतरी जिवंत बसवायचं, तो पोटभर जेवला की वरचा जेवला. मामंजींच्या पानावर शेजारचे वाणीकाका, सासूबाईंच्या पानावर काकू स्वतः. वर्षानुवर्षं हेच दोघं.

मी कुरडया तळून बाहेर आले तर पानं तीन.

काकू: "दिनू, हे तिसरं कोनाचं?"

हे: "मांडलं असंच. गिनती चुकली."

गिनती चुकली! जन्मभर गल्ल्यावर बसलेला माणूस, दोनाचे तीन झाले? आणि चुकलं तर उचला की. उचललं नाही. स्वतः वाढलं. मीठ, लिंबू, बटाट्याची भाजी, भात, पोळी, त्यावर तूप, रश्शाची वाटी, आमरसाची वाटी, कुरडई अगदी मोडू न देता. मला कधी ताट वाढून दिलं नाही एवढ्या निगुतीनं. मग एकेका पानापुढे हात जोडून नावं घेतली. मामंजींचं ऐकू आलं, सासूबाईंचं ऐकू आलं. तिसऱ्यापुढे नुसते ओठ हलले. सगळ्यात जास्त वेळ तिथंच उभे होते.

वाणीकाका जेवले, काकू जेवल्या. तिसऱ्या पानावर कोणीच नाही. माशा यायला लागल्या, मी वारा घालत बसले.

काकू माझ्या कानाशी: "जित्या मानसाचं पान मांडू नये माय."

म्हणजे त्यांनाही तेच वाटलं. स्वतःचं मांडलं ह्यांनी. पाच तारखेनंतर कोण मांडेल, कसं मांडेल, निखिलला काय येतंय त्यातलं, म्हणून आधीच. तसेच आहेत हे. दिवाळीची पणतीसुद्धा आठवडाभर आधी धुवून ठेवतात.

सगळे हात धुवायला गेले तशी मी ते पान उचललं. भात, भाजी, पोळी, रस्सा, सगळं स्टीलच्या डब्यात भरलं आणि फ्रीजमध्ये पार मागं सारलं. आमरस डब्यात ठेवता येईना, तो उभ्याउभ्या पिऊन टाकला. माझ्या अंगात काय जायचं ते जाऊ दे.

हे बाहेर आले. "तिसरं पान?"

"गाईला घातलं."

"बरं केलंस." आणि तोंडावर हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. खांदे सैल पडले. कोणी न बसलेलं पान गाईच्या मुखी गेलं की पोचलं, असं म्हणतात. मला ते पोचवायचंच नव्हतं, म्हणून तर घातलं नाही.

आठवीला विज्ञान शिकवते मी. मांजर आडवं गेल्यावर थांबणाऱ्या पोरांना वर्गात उभं करते. आता मला कोणीतरी उभं करा.

१ मे, गुरुवार

काकू सकाळी बहादरपूरला गेल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. नेहमी ठेवत नाहीत.

फ्रीज उघडला की तो डबा दिसतो. टाकवत नाही, अन्न आहे. कोणाला देववत नाही, दिलं म्हणजे पोचलंच की. गरम करून ह्यांच्या ताटात वाढायचं तर माझा हात उठणार नाही. आणि ४४च्या उन्हात, लाईट अशी जा-ये करतेय, फ्रीजमध्ये तरी किती टिकणार?

मग आईची आठवण आली. सणाच्या दुसऱ्या दिवशी ती गोधडी करायची. उरलंसुरलं सगळं एकात, ठिगळाला ठिगळ जोडून, वर-खाली विस्तव ठेवून भाजलेली. एकदा गोधडी झाली की कुठलं ठिगळ कोणाच्या लुगड्याचं ते कोण विचारतं? हेच पाहिजे होतं मला. ते पान पानच राहू नये.

लग्नातला गोल ओव्हन माळ्यावरून काढला. अॅल्युमिनियमचा, झाकणाला काच. खाली पोळ्यांचे तुकडे पसरले, त्यावर कटाचा रस्सा ओतून मुरू दिला. भात, बटाट्याची भाजी, दही, थोडं ज्वारीचं पीठ कालवून वर थापलं. डब्यातलं आणि कालच्या पातेल्यातलं दोन्ही मिसळून टाकलं, इतकं मिसळलं की माझं मलाच सांगता येऊ नये. वर कुरडयांचा चुरा. तीळ-मोहरीची फोडणी. तूप अगदी बोटभर, डॉ.चा हुकूम. मीठ मुळीच घातलं नाही, जे आत आहे ते आहे.

निम्मं झालं आणि लाईट गेली. अशी काही दचकले, जणू कोणी हात धरला माझा. मग गॅसवर तवा, तव्यावर ओव्हनचंच भांडं, झाकणावर कालच्या गोवऱ्यांपैकी उरलेल्या पेटवून ठेवल्या. घरभर धूर. वाणीकाका भिंतीपलीकडून ओरडले, "क्या जल रहा है भाभी?" काही नाही म्हटलं, भाजतेय.

वरून लाल, कडेनं कुरकुरीत, आत मऊ. पोळीत रस्सा शिरलेला, गोड-तिखट. वास अगदी आईच्या घरचा. त्या वासानं कालपासून पहिल्यांदा छाती जरा मोकळी झाली.

ह्यांना वाढली. पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं. "गोधडी?"

हो.

"कितीतरी वर्षांनी केलीस." आणि पुन्हा मागून घेतली. मग पुन्हा. कडेचा तुकडा कोणाला देतात का हे. रिपोर्ट आल्यापासून इतकं जेवलेच नव्हते. जेवून ढेकर दिला, आणि मी मुकाट्यानं भांडं घासलं. काय केलं मी हे? बरं केलं की वाईट? ते पान मोडलं की पक्कं केलं?

२ मे, शुक्रवार

रात्री शांत झोपले म्हणाले. बीपी बरं. शेजारच्या सिस्टरनं मोजलं.

मी नाही झोपले. शाळेला सुट्टी आहे म्हणून चाललंय.

दिवसभर हे खूश. फडताळातून बुद्धिबळाचा पट काढला, पुसला, सोंगट्या मांडल्या आणि एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत बसले. मी म्हटलं, दुकान? "आज नको." ते पाहून मला आणखीच भीती. माणूस सगळं आवरून, निवांत होऊन बसतो ना, तसं.

विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि हो म्हणाले तर?

३ मे, शनिवार

विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

बॅग भरत होते. मी टॉवेलाच्या घड्या घालत होते, हे पलंगावर नखं कापत. मान वर न करता म्हणाले, "मुरल्याला कावीळ नव्हती."

"म्हणजे?"

"बायपासच होतं त्याचं पण. टेबलावर झोपला तो उठलाच नाही."

माझ्या हातातला टॉवेल तसाच. "मग कावीळ का सांगितलीत मला?"

"मला तेव्हाच दुखायला लागलं होतं छातीत. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी डॉक्टरकडे ओढत नेलं असतं."

नेलंच असतं! दिवाळीपासून दुखतंय आणि हा माणूस आवळासुपारी खाऊन पित्त झालंय म्हणत होता. एवढी चिडले की हातातला टॉवेल तसाच बॅगेत कोंबला.

मग तिसरं पान निघालं. "पुतण्याला फोन केला होता मी. म्हटलं, पहिली आखाजी आहे त्याची, घागर भर. तो म्हणे, अंकल, हम ये सब नहीं मानते. म्हणून मी मांडलं. मरताना उपाशीच होता ना तो, ऑपरेशनच्या आधी काही देत नाहीत. तसाच राहू नये. त्यानं सांभाळून घेतलं पाहिजे मला सोमवारी." आणि हसले. "गाईला घातलंस ते बरं झालं. मी वाणीकाकांच्या पोराला बसवणार होतो पण मग नाव सांगावं लागलं असतं."

आधी काय वाटलं ते खरं लिहिते. आनंद. स्वतःचं पान नव्हतं! चार दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला. हसूसुद्धा आलं मला.

आणि मग तो धोंडा परत आला, दुप्पट होऊन. गाईला घातलंच नाही मी. मुरलीभाऊंचं पहिलं पान त्यांच्या पुढ्यातून उचललं आणि ओव्हनमध्ये घातलं. आणि हे? मुरल्या जेवलाय, आता तो बघून घेईल, या भरवशावर परवा टेबलावर झोपणार आहेत. त्यांना धीर कशाचा, तर माझ्या थापेचा.

सांगू? धक्का बसला तर? न सांगू? आणि काही झालं तर जन्मभर मी काय म्हणत बसू?

यातलं काही मी मानत नाही. मानत नाही, मानत नाही.

तरी संध्याकाळी फ्रीजमधल्या शेवटच्या पोळ्या काढल्या. गोधडी केली परत, पण कोरडी. भात-दही नाही, नुसत्या पोळ्या, रस्सा आटवून, कुरडईचा चुरा, खरपूस होईपर्यंत भाजली. प्रवासात टिकेल अशी. इंदूरला कोणीतरी बसवीन मुरलीभाऊंच्या नावानं. कोणीही. दवाखान्याचा वॉचमन.

४ मे, रविवार. इंदूर

अॅडमिट केलं. खोली बरी आहे, खिडकीतून पार्किंग दिसतं. निखिल पोचला. बापाला बघून घट्ट मिठी मारली, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले. मला वाटलं होतं त्याला काहीच वाटत नाही. चष्मा नवा घेतलाय, ह्यांच्यासारखाच दिसायला लागलाय.

संध्याकाळचं हलकं जेवण झालं की पुढं तोंडात काही नाही, असं सिस्टर सांगून गेली. निखिल फॉर्म भरायला खाली गेला. आम्ही दोघंच.

मी सांगितलं. ठरवून नाही. डब्याचं झाकण उघडलं आणि तोंडातून निघून गेलं. गाईला नाही घातलं. मला वाटलं तुमचं तुम्ही मांडलंत. डब्यात भरलं, फ्रीजमध्ये ठेवलं. गुरुवारची गोधडी त्याचीच. चूक झाली माझी, मुरलीभाऊंच्या तोंडचा घास काढला मी.

मॉनिटरवरचा आकडा मला दिसत होता, मी त्यांच्याकडे न बघता तिकडेच बघत होते.

मग हसायला लागले. असे हसले की पलंग हलला. सिस्टर धावत आली, "अंकल, हँसिए मत, बीपी नापना है." तरी थांबेनात.

"म्हणजे मुरल्याच्या पानावर मी बसलो!"

तुम्ही कसे? म्हटलं.

"अगं, पानावर कोणीतरी जिवंत बसवायचा असतो ना? मीच बसलो की. आणि मागून मागून खाल्ली. जेवला मग तो. पोटभर जेवला. साल्याला फुकटचं नेहमीच गोड लागायचं."

मीही हसले. हसता हसता दोघांचेही डोळे भरले आणि सिस्टर वैतागून निघून गेली.

मग ह्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता त्यांचा. आणि मला कळलं, हे घाबरलेत. माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत. दिवाळीपासून एकटेच घाबरतायत.

"शोभा, हे डब्यातलं ठेव. कडेचा तुकडा आहे ना त्यात?"

आहे.

"उद्या बाहेर बसून माझ्या वाटचं खाऊ नकोस. निखिललाही देऊ नकोस. माझ्या पानावर कोणी बसायचं नाही. माझं मी येऊन खाईन."

५ मे, सोमवार. ऑपरेशनच्या मजल्यावर, बाकावर

सकाळी नेलं. हिरवा झगा, डोक्याला टोपी. चष्मा माझ्याकडे दिला. स्ट्रेचरवरून मला शोधत होते, चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही, मी हात हलवत होते आणि ते भलत्याच बाईकडे बघून हसले.

दार लोटलं.

इथं खूप माणसं आहेत, सगळी दाराकडे बघत. दार किलकिलं होतं, एक मुलगा मान बाहेर काढून नाव पुकारतो. ज्यांचं नाव येतं ती माणसं उठतात. काही हसत परत येतात. मघाशी एक बाई गेली ती परत आली नाही.

निखिल दोनदा विचारून आला. "चल रहा है, एवढंच सांगतात."

चष्मा पुसला. परत पुसला.

भूक लागलीय. कशाला खोटं बोलू, कालपासून पोटात काही नाही. कँटीन खालीच आहे पण जिना उतरायचं धाडस नाही, तेवढ्यात पुकारलं तर. डबा मांडीवर आहे. झाकण लागलेलं आहे तरी वास येतो, तिळाचा, आटलेल्या रश्शाचा.

निखिल शेजारी येऊन बसला. "आई, दोन घास खा ना. इतनी देर भूखी बैठेगी क्या? डब्यात आहे ना तुझ्याकडे."

त्यातलं नाही, म्हटलं.

"का? किसके लिए रखा है? पापाला तर आज-उद्या काही देणारच नाहीत. खराब होईल ते."

माहीत आहे मला. पहिले दोन-तीन दिवस पातळ पेजेपलीकडे काही मिळणार नाही, हेही सांगितलंय. खराब होईल हेही कळतं. पण ह्याला कसं सांगू? त्याला यातलं काही ठाऊक नाही, आणि आज ठाऊक व्हायला नको. एवढंच म्हटलं, बाळा, ते तुझ्या पप्पांच्या वाटचं आहे, ते खातील.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग डब्यावर हात ठेवून बसला, माझ्या हातावर हात.

दार किलकिलं झालं. त्या मुलानं मान बाहेर काढली. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही ह्याच्या.

आमचंच नाव. निखिल उठलाही.

डबा घेऊन जाते.